तपकिरी कानटोपी

ताहिरची कानटोपी मीच विणली होती, माझ्या स्वेटरच्या उरलेल्या तपकिरी लोकरीची. थंडीत इथे आखातात, सखीरच्या माळावर वारं कानात घुसतं. टोपी चढवून तो म्हणाला, "भाभी, क्रेनवर बसलेलं माकड दिसतोय ना मी?"

"माकडाला लायसन देत नाहीत," मी म्हटलं.

सत्त्याहत्तरची गोष्ट. जुम्म्याच्या सुट्टीला आमच्या ह्यांचा, नझीरचा, अरबाब, म्हणजे मालक, सशांसाठी छर्र्यांची बंदूक द्यायचा. ताहिर तिथेच क्रेन चालवायचा, आमच्याच गावचा, म्हणून सोबत. ह्यांची बढाई ठरलेली: "दापोलीच्या रानात भेकरं मी कानाने मारलीत. झुडूप हललं की बार! बघत बसेल त्याच्या ताटात आमटीच."

त्या दिवशी असरची, दुपार कलतानाची नमाज पढायला ताहिर मागे राहिला. सशाच्या मागावर आम्ही वळत वळत गेलो आणि तो बसला होता त्याच टेकाडाच्या दुसऱ्या अंगाला निघालो. आम्हाला कुठलं कळायला!

टेकाडाच्या कडेवर तपकिरी काहीतरी वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. ह्यांनी बंदूक खांद्याला लावली. ऊन आमच्या पाठीशी होतं, तेव्हा दिसत नव्हतं असंही नाही. माझ्या मनात आलं, ह्या सशाचा रंग अगदी माझ्या लोकरीचा. तोंड उघडलं, आणि मिटलं. मागच्या जुम्म्याला मी "तो बघा!" म्हणून ओरडले, ससा पळाला, आणि हे चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

बार झाला. पलीकडून "आये गे!" आलं.

सलमानिया इस्पितळात ताहिरचा डावा डोळा त्याच दिवशी गेला. उजव्याला डॉक्टर इंशाल्ला म्हणाले. त्या इंशाल्लावर आम्ही महिना काढला, मग तोही खलास. पोलिसांना ताहिरने सांगितलं, "मीच मध्ये आलो." मध्ये कुठला? नमाजात बसला होता तो. हे खाली मान घालून ऐकत राहिले.

डोळे नाहीत तर क्रेन नाही, क्रेन नाही तर व्हिसा नाही. त्याच्या बायकोचं, अजराचं, पत्र मीच वाचून दाखवलं. तिला टोपीतला फोटो हवा होता.

विमानतळावर ह्यांनी त्याचा हात धरला. "पायरी आहे. अजून एक. थांब, पुढे माणूस आहे."

ताहिर थांबला. "लांबूनच ओळखलंत, भाई?" म्हणाला, आणि हसला. चेष्टेची सवय तेवढी राहिली होती.

ह्यांच्या हातून त्याचा हात सुटला. मी धरला.