घासलेली जीभ

न्हाणीघराची कडी लावून निंगशूने चमचा उलटा धरला आणि त्याची कड जिभेवरून ओढली. पांढरट, चिकट थर निघाला. उमासा आला, डोळ्यांत पाणी तरारलं, तरी तिने हात थांबवला नाही. डॉक्टरांना जीभ दाखवायच्या दिवशी ती घासायची नाही, रंग चढेल असं काही खायचं नाही, हे लिनहाय गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निंगशू तर कॉलेजात शिकलेली.

तान्ह्या लेकीच्या, मीलीच्या जन्मानंतर निंगशूच्या गळ्यात गाठ सापडली होती. सोनोग्राफीत गाठीच्या कडा वेड्यावाकड्या दिसत होत्या. नाडी बघून काढे देणाऱ्या थान डॉक्टरीणबाईंनी मागच्याच खेपेला सांगितलं होतं, "हांगचौला मोठ्या हॉस्पिटलात जा, सुई घालून तपासून घे." निंगशूने गयावया करून मुदत मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बरं, काढा घे. अंगात कफ साचलाय, जिभेवर दिसतोय बघ केवढा. तो थर उतरला तर औषध लागू पडतंय असं धरू आणि पोरीचं दूध सुटेपर्यंत थांबू. नाही उतरला, तर मग तुझं एक ऐकणार नाही."

थर उतरला नव्हता. सासूबाई रोज पहाटे मातीच्या भांड्यात आधी शिंपले उकळायच्या, मागून मुळ्या नि सुकी फुलं टाकायच्या, आणि उरलेला चोथा रस्त्यात नेऊन ओतायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याने तो तुडवला की दुखणं निघून जातं म्हणे. निंगशू नाक धरून काढा प्यायची, आरशात जीभ बघायची, आणि थर तसाच दिसायचा. सुईमागून चाकू येणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिच्या आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आईचा आवाज गेला तो गेलाच. आता आई फोनवर बोलली की नुसती घरघर ऐकू येई आणि मीली भेदरून फोनपासून तोंड फिरवी. मीलीला तर निंगशूच्या गुणगुणण्याशिवाय झोपच लागत नसे.

थान डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेहमीप्रमाणे सगळे पेशंट टेबलाभोवती दाटीवाटीने उभे होते. तिथे कुणाचं दुखणं कुणापासून लपत नसे. निंगशूने मीलीला सासूबाईंकडे दिलं आणि नाडी बघायच्या छोट्या उशीवर मनगट ठेवलं.

"नाडी अजून तारेसारखी ताठ आहे," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "झोपत नाहीस का? जीभ काढ."

तिने जीभ काढली.

"अरे वा!" पोटाचं दुखणं घेऊन आलेले एक काका मान पुढे काढून म्हणाले. "माझ्या बायकोची जीभ अशी स्वच्छ असती तर मी इथे कशाला आलो असतो?"

"काका, तुमचा नंबर आला की तुमची बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्याही हसल्या होत्या. "उतरलाय हं थर. छान. आता घाई नको, हाच काढा चालू ठेव."

सासूबाईंचा चेहरा उजळला. मीलीला तिच्या हातात देऊन त्या औषधाच्या पुड्या आणायला धावल्या. निंगशू उठली. आता सुटल्यासारखं वाटेल, असं तिला वाटलं होतं. पण दारापर्यंत जाईतो तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मग मलाही तोच काढा लिहून द्या."

तिच्या जागी पन्नाशीची एक बाई बसली होती, च्याओताई, बाजारात मासळी विकणारी. तिच्या गळ्याची सूज तर नुसत्या डोळ्यांनीही दिसत होती.

"तुला मी हांगचौची चिठ्ठी दिली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेली नाहीस?"

"कशाला जाऊ? त्या पोरीचा थर मागच्या वेळी मी इथेच उभी राहून बघितला होता. भिंतीला चुना फासावा तसा! काढ्याने उतरला ना? मग माझाही उतरेल. सुईबिई मला नको."

"तिची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? गळा तोच, डॉक्टर त्याच."

लोक हसले. निंगशूने मीलीला घट्ट धरलं, इतकं की ती कुरकुरली. मग ती माणसांतून वाट काढत पुन्हा टेबलाशी आली.

"थान डॉक्टर, काढ्याने नाही उतरला," ती म्हणाली. "मी घासून काढलाय. आज सकाळी."

"कशाने?"

"चमच्याने."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मला फसवलंस त्याचं एवढं नाही," त्या म्हणाल्या. "पण नाडी वेगळं सांगत होती. जीभ बघून मी खूश झाले, हे माझंही चुकलंच." त्यांनी नवी चिठ्ठी ओढली. "जीभ, नाडी बघून मला माणूस कळतो, पोरी. गाठीच्या आत काय आहे, ते नाही कळत. सुई घालून घे. आणि सुईने आवाज जात नाही, कळलं? पुढचं पुढे."

निंगशूने मान हलवली. तिने चिठ्ठी घेतली.

च्याओताई खुर्चीतून तिच्याकडे बघत होती. "चांगली सुटका झाली होती की तुझी," ती चिडून म्हणाली. "तू बोललीस आणि मलाही अडकवलंस." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "फार दुखते का गं ती सुई?"

"माहीत नाही, ताई. बरोबर जाऊ या?"

पुड्या छातीशी धरून सासूबाई केव्हाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. आता त्या बोलणार म्हणून निंगशूने मान खाली घातली. त्या पुढे आल्या, पुड्या खुर्चीवर ठेवल्या आणि हात पसरले.

"मीलीला दे इकडे," त्या म्हणाल्या. "हांगचौची दुपारची गाडी मिळेल अजून."