नको म्हणणारे अध्यक्ष

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात अध्यक्ष निवडायची एक पद्धत होती, आणि ती इतकी पक्की होती की कुणाला ती लिहून ठेवावीशीही वाटली नव्हती. मे महिन्यात बीस्टनच्या चर्च हॉलमध्ये वार्षिक सभा भरायची. खजिनदार शशी नाबर विचारायचे, "पुढच्या वर्षी अध्यक्ष कोण?" सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायचे. मग पहिल्या रांगेतून मुरलीधर उठायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "डॉक्टर जयंत! दुसरं आहे कोण?"

डॉक्टर म्हणायचे, "नको." सभा म्हणायची, "असं कसं?" डॉक्टर म्हणायचे, "नको रे, खरंच नको." सभा हसायची. डॉक्टर तिसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत टाळ्या सुरू झालेल्या असायच्या आणि मुरलीधरांच्या यमुनाबाई बटाटेवड्यांचे डबे उघडायला लागलेल्या असायच्या. पंगतीत पहिल्या नकोला कुणी वाढायचं थांबतं का? तसंच हे. चांगल्या माणसानं नको म्हणायचं आणि चार माणसांनी आग्रह करायचा, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

हे मुरलीधर म्हणजे कौन्सिलचे रिटायर्ड रोड इंजिनिअर. नोकरीबरोबर रस्ते सुटले, पण मंडळाचं 'ट्रेंट-तरंग' नावाचं त्रैमासिक काही सुटलं नाही. संपादक तेच, बातमीदार तेच, मुद्रितशोधक तेच आणि पाकिटांवर स्टॅम्प चिकटवणारेही तेच. डॉक्टर जयंत त्यांचे जिवाभावाचे मित्र. तरुणपणी दोघं एका भाड्याच्या खोलीत राहिले होते आणि नाणं टाकून चालणाऱ्या एकाच हीटरसमोर दोघांनी मोजे वाळवले होते. तेव्हापासून जयंताचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं मुरलीधरांनी मनाशी ठरवलेलं होतं. आता तो शब्द नेमका कोणता, याची त्यांनी फारशी चौकशी केली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

दोन हजार सहा सालच्या सभेतही सगळं असंच सुरळीत चाललं होतं. डॉक्टरांचं तिसरं नको झालं, टाळ्यांसाठी हात वर गेले, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"काकांना नको असेल तर मी होते ना अध्यक्ष. मला जमेल."

सगळ्या माना मागे वळल्या. जीन्स घातलेली एक मुलगी हात वर करून उभी होती. नाव ऋजुता. नागपूरची, सॉफ्टवेअरवाली, वर्क व्हिसावर आलेली, आणि मंडळात येऊन जेमतेम आठ महिने झालेले. मंडळातल्या जुन्या सभासद उल्काताईंच्या हातातला वडा तोंडापर्यंत पोचलाच नाही. स्वतःचं नाव स्वतःच सुचवायचं? म्हणजे पंगतीत बसून आपणच श्रीखंडाचं भांडं ओढून घ्यायचं की काय!

"मी तर विचार करून राहिली होती," ऋजुता निरागसपणे म्हणाली, "की गणपतीला नवीन लोकांनाही काही करता यावं."

"करून राहिली," उल्काताई शेजारणीच्या कानात पुटपुटल्या. "ऐकलंत मराठी?"

डॉक्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. पण मुरलीधरांनी त्याआधीच आरोळी ठोकली, "मतदान! होऊन जाऊ दे मतदान!" मंडळाच्या इतिहासात ही गोष्ट कधी घडली नव्हती. शशी नाबरांनी घाम पुसत तीन आठवड्यांनंतरचा रविवार जाहीर केला.

घरी जाताना गाडीत मुरलीधर धुमसत होते. "काल आली आणि आज अध्यक्ष! अगं, हिला हॉलचं बॉयलर कुठे आहे हे तरी माहीत आहे का?"

"तुम्हाला आहे का माहीत?" यमुनाबाई म्हणाल्या.

"जयंताला आहे ना!"

"मग त्या बॉयलरलाच करा अध्यक्ष," यमुनाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मुरलीधरांनी निवडणूक विशेषांक काढायचं ठरवलं. निःपक्षपातीपणा हा संपादकाचा धर्म आहे, असं ते स्वतःशी दोनदा म्हणाले आणि कामाला लागले. पहिल्या पानावर डॉक्टरांचा सुटाबुटातला मोठा फोटो, खाली मथळा, 'अनुभवाला पर्याय नाही'. ऋजुता शेवटच्या पानावर, खिचडीची पाककृती आणि 'वेस्ट ब्रिजफर्डला खोली भाड्याने देणे आहे' यांच्या मधल्या जागेत. मथळा, 'आणखी एक उमेदवार'. फोटोही असा निवडला की त्यात तिचे डोळे मिटलेले होते. दुसरा फोटो होता, पण त्यात ती फारच चांगली दिसत होती.

मुलाखती त्यांनी दोघांच्याही घेतल्या. डॉक्टरांना विचारलं, "मंडळाचं भविष्य आपण कसं पाहता?" ऋजुताला विचारलं, "पुरणपोळी येते का?"

"खाता येते," ऋजुता म्हणाली. मग तिनंच उलट विचारलं, "काका, एक विचारू? डॉक्टरकाका तीनदा नको म्हणाले. मला वाटलं, खरंच नको असेल. मग सगळे माझ्यावर एवढे का चिडले?"

मुरलीधर मनापासून हसले. "अगं वेडे, ते नको म्हणजे नको नसतं. ती आपली रीत आहे."

"मग ज्याला खरंच नको असेल, त्यानं काय म्हणायचं?"

मुरलीधरांनी पेनाचं टोपण लावलं. असल्या पोरकट प्रश्नाला कशाला उत्तर द्यायचं? पण मुलाखतीला मथळा मात्र झकास मिळाला होता: 'पुरणपोळी फक्त खाता येते!'

अंक घरोघरी पोचला आणि फोन खणखणायला लागले. ती गणपतीत डीजे आणणार, असं एकीकडून कळलं. दुसरीकडून कळलं की आरती बंद करून त्या जागी क्विझ ठेवणार. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या सभा पबमध्ये घ्यायचं ठरलंसुद्धा होतं, आणि ही बातमी उल्काताईंना अगदी आतल्या गोटातून मिळाली होती. आतला गोट म्हणजे उल्काताईंच्याच भिशीतल्या नंदाताई, आणि नंदाताईंना ती सकाळी उल्काताईंनीच सांगितली होती.

पुरणपोळीच्या मथळ्याचं मात्र भलतंच झालं. मुरलीधरांना वाटलं होतं, पोरीची आता चांगली जिरली. तर एका तरुण गृहस्थांचा फोन आला, "काका, पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं हो! आमच्या घरीसुद्धा फक्त खाताच येते." मागून त्यांच्या बायकोचा हसण्याचा आवाज आला. असे आणखी फोन आले. मुरलीधरांनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी जनमत चाचणी घ्यायची ठरवली. सभासदांची यादी काढून फोनवर एकेकाला विचारलं, "काय, कुणाला मत?" जो तो म्हणाला, "अहो, विचारताय काय, डॉक्टरच!" मुरलीधरांचा चेहरा फुलला. 'डॉक्टरांना प्रचंड पाठिंबा' अशी ईमेल त्यांनी लगेच सगळ्यांना धाडली.

"तुम्ही डॉक्टरांचे जानी दोस्त," यमुनाबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "तुम्हाला तोंडावर दुसरं कोण काय सांगणार? मलासुद्धा विचारलंत तर मी डॉक्टरच म्हणेन."

"म्हणजे? तू कुणाला देणार आहेस?"

"मतदान गुप्त आहे," यमुनाबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात डॉक्टर चहाला आले. त्यांची मुलगी एडिनबराला राहायची. डॉक्टरांची बायको, सुप्रभाताई, वर्षातले बरेच महिने तिकडेच असायच्या, आणि डॉक्टर मात्र हॉलच्या चाव्या सांभाळत नॉटिंगहॅमला. त्यांनी अंक उलटापालटा केला आणि म्हणाले, "मुरली, त्या मुलीला नीट जागा द्यायची होतीस रे. चांगली आहे ती."

"चांगली असेल, पण आपली नाही."

"आपण तरी इथे कुठे कुणाचे होतो?" डॉक्टर हसले. मग खिशातून नातवाचा फोटो काढून म्हणाले, "हा विहान. ऐन गणपतीत वाढदिवस असतो. सहा वर्षांचा होईल आता. एकदाही जाता आलं नाही बघ."

"तू अजिबात काळजी करू नकोस," मुरलीधर त्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "तुझी खुर्ची मी हलू देणार नाही!"

"तेच तर," डॉक्टर म्हणाले आणि चहा संपवून उठले.

रविवार उजाडला. हॉल इतका भरला की दिवाळीलाही तेवढा भरत नाही. शॉर्टब्रेड बिस्किटांच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून मतपेटी केली होती. लोक येत होते, चिठ्ठ्या टाकत होते, आणि मुरलीधर गळ्यात कॅमेरा अडकवून ऐतिहासिक क्षण टिपत होते. या खेपेला त्यांनी ऋजुताचाही फोटो काढला. ती डोळे उघडे ठेवून उभी राहिली होती, त्यामुळे काही इलाज नव्हता.

शशी नाबरांनी चिठ्ठ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग घसा खाकरून म्हणाले, "मंडळी, दोघांना सारखी मतं आहेत."

मुरलीधर खुर्चीवर मटकन बसले. सारखी? मग फोनवर सगळे डॉक्टर डॉक्टर म्हणत होते, ते कोण होते? हॉलमध्ये एकच कल्लोळ उठला. तेवढ्यात शशी नाबरांनी यादीवर बोट ठेवलं. "एक मत राहिलंय. मुरलीधर, तुम्ही दिलंच नाहीत!"

फोटो काढण्याच्या नादात मुरलीधर मत द्यायचंच विसरले होते. सगळे खो खो हसले. झालं तर मग, निकाल लागला! "चिठ्ठी कशाला हवी?" उल्काताई ओरडल्या. "सगळ्या गावाला माहीत आहे. बोला मोठ्यानं!" कुणीतरी टाळ्यासुद्धा सुरू केल्या. ऋजुता हसून पर्स उचलायला लागली.

मुरलीधर उठले. दर वर्षी उठायचे तसेच, पहिल्या रांगेतून. तोंड उघडलं.

"मुरली," डॉक्टर हळूच म्हणाले, "नको."

सभा पुन्हा हसली. "अहो डॉक्टर, आता तरी पुरे करा की!"

आणि मुरलीधर हसता हसता थांबले. मग ज्याला खरंच नको असेल, त्यानं काय म्हणायचं? त्या पोरीनं विचारलं होतं आणि आपण पेनाला टोपण लावलं होतं. त्यांनी डॉक्टरांकडे नीट बघितलं. किती वर्षांत बघितलं नव्हतं, देव जाणे. डॉक्टर हसत नव्हते. आढेवेढे घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत एक मिश्कीलपणा असतो, तो तिथे नव्हता. जयंता थकला होता. आणि दर वर्षी आपणच पहिल्या रांगेतून उठून त्याला त्या खुर्चीत कोंबत आलो होतो.

पण समजा, चुकलं तर? समजा, ही रीतच असली तर? भर सभेत, सगळ्या गावासमोर, आपल्याच मित्राला आपण पाडायचं? चाळीस वर्षांची दोस्ती एका शब्दात जाईल. मुरलीधरांनी यमुनाबाईंकडे बघितलं. यमुनाबाई डब्याचं झाकण हातात धरून उभ्या होत्या आणि त्यांनी मान किंचित हलवली.

"ऋजुता," मुरलीधर म्हणाले.

कुणालाच ऐकू गेलं नाही, कारण त्यांचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "काय?" शशी नाबर म्हणाले.

"माझं मत ऋजुताला!"

"अगं बाई!" उल्काताई म्हणाल्या, आणि ते हॉलभर ऐकू गेलं. डॉक्टर उठले आणि थेट मुरलीधरांकडे चालत आले. मुरलीधरांनी डोळे मिटून घेतले. आता काय असेल ते असो.

डॉक्टरांनी त्यांना कडकडून मिठी मारली.

"गाढवा," ते मुरलीधरांच्या कानात म्हणाले. "माझंही मत तिलाच होतं. मला पाडायला किती वर्षं लावलीस रे!"

सभेला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. सभेनं फक्त मिठी बघितली. "वा! काय मोठं मन डॉक्टरांचं!" उल्काताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढून ऋजुताच्या हातात ठेवला. "ही हॉलची, ही कपाटाची. बॉयलर जिन्याखाली आहे. जरा लाथ मारावी लागते."

"काका, नक्की ना? तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?" ऋजुतानं विचारलं.

"छे गं," डॉक्टर म्हणाले, आणि ती लगेच विश्वास ठेवून बॉयलर बघायला गेली.

वडे संपले, हॉल रिकामा झाला. दोघे मित्र पार्किंगमधून चालत होते. डॉक्टर पंधरा वर्षांनी तरुण झाल्यासारखे चालत होते आणि मुरलीधरांना त्यांना गाठताना धाप लागत होती.

"मी शनिवारीच एडिनबराला निघतोय," डॉक्टर गाडीचं दार उघडत म्हणाले. "चांगला महिनाभर राहणार. तू पण येतोस?"

"नको रे," मुरलीधर म्हणाले. "कशाला उगाच तुम्हाला त्रास?"

"बरं," डॉक्टर म्हणाले, दार लावून घेतलं आणि गाडी सुरू केली.

मुरलीधर क्षणभर तसेच उभे राहिले. गाडी गेटपर्यंत पोचली आणि मग मात्र गळ्यातला कॅमेरा सावरत ते तिच्यामागे धावत सुटले. "अरे ए! जयंता! थांब! येतो म्हणजे काय, येतोच की!"