डावी बाजू मोकळी होती

क्लोव्हिस गिड्री आणि मी लुइझियानातल्या एकाच उसाच्या गावचे. पुढे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्येही एका संघात आलो. चेंडू काखेत मारून समोरच्या खेळाडूंच्या भिंतीत घुसायचं हे त्याचं काम, आणि त्याच्यापुढे धावत ती भिंत फोडायची हे माझं. टाळ्या त्याला, मुका मार मला.

त्याआधी तो कोच प्रुइटच्या संघात होता. एका मोसमात त्याचा गुडघा सुजून भोपळा झाला. प्रुइट म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, नुसती सूज आहे. सुई टोचून घे आणि उतर." क्लोव्हिस उतरला, आणि थोड्याच वेळात गुडघ्यातला स्नायुबंध तुटला. तो इस्पितळात असतानाच संघाने त्याला काढून टाकलं. वर प्रुइटने वार्ताहरांना सांगितलं, "त्याचा गुडघा गेला नाही, काळीज गेलं."

संघातला एकच माणूस त्याला भेटायला यायचा, वेंडल प्रॉक्टर. चेंडूवाल्याला आडवा पाडणारा आडदांड गडी. बायकोने केलेलं गंबोचं कालवण घेऊन यायचा, क्लोव्हिसला खांद्याचा आधार देऊन न्हाणीपर्यंत न्यायचा.

गावी परतल्यावर क्लोव्हिस नदीच्या बांधावर आधी लंगडत, मग धावत राहिला. त्याची आई, मिस ओडेट, बांधाखालून ओरडायची, "राग कडेवर घेऊन धावशील तर दमशील, बाळा."

"रागच धावतोय, मामा. मी नुसता त्याच्या मागे."

दुसऱ्या वर्षी आमच्या संघाने त्याला घेतलं. प्रुइटच्या मैदानावरचा सामना कधी आहे, एवढंच त्याने पहिल्या दिवशी विचारलं.

त्या दुपारी मी त्याच्यापुढे होतो, म्हणून सांगतो. तो माणसांना चुकवत नव्हता, तुडवत होता. ज्या मैदानाने त्याला भित्रा म्हणून हिणवलं, ते सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या टप्प्यापर्यंत गप्प झालं होतं. शेवटी आम्ही एवढे पुढे होतो की आमचे कोच म्हणाले, "बस आता. पाय जप."

"अजून एकदाच धावू द्या, कोच."

त्यांनी दिलं. डावीकडून जायचं ठरलं होतं. मी डावी बाजू उघडून दिली, एखादा ट्रक जाईल एवढी. मागे वळून बघतो तर क्लोव्हिस उजवीकडे वळलेला. तिकडे मैदानाच्या कडेला प्रुइट उभा होता, आणि त्याच्या पुढ्यात वेंडल.

क्लोव्हिसने डोकं खाली घातलं. वेंडल हवेत उचलला गेला आणि प्रुइटला घेऊनच पडला. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून आला. क्लोव्हिस उठला, प्रुइटवर वाकला आणि शांतपणे म्हणाला, "काळीज बघायचं होतं ना, कोच? घ्या बघून."

प्रुइटला मोसम संपायच्या आत हाकललं. ती बातमी क्लोव्हिसने मोठ्याने दोनदा वाचून दाखवली. वेंडलचा खांदा मात्र जुळला नाही. त्याचा खेळ संपला.

ईस्टरच्या आधी क्लोव्हिस मला घेऊन वेंडलच्या घरी गेला. वेंडल दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

"डावीकडे मोकळं होतं," वेंडल म्हणाला.

"होतं."

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"आणि मी?"

"तूपण दिसलास."

वेंडलने बऱ्या हाताने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

गाडीत मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वेंडलचं वाटतंय," तो म्हणाला. "पण प्रुइट तिथे उभा असेल तर मी परत उजवीकडेच जाईन."

वाटेत एका पेट्रोल पंपावर गरम बुदँ घेतलं, भात भरलेलं आमच्याकडचं सॉसेज. मी माझं कागदात गुंडाळून ठेवलं. त्याने स्वतःचं संपवलं, मग माझंही.