सवतीचा टाक

"काढ तो टाक गळ्यातला! आधी काढ, मंग दाखवतो तुला!"

पुंजारामचा हात वर उचललेला, अन् तसाच वर राह्यलेला.

"न्हाई काढत," दुर्गाबाई म्हनली. "काय वाईट इचारलं मी? मेलेली बाई जेवती, ठीक हाये. पण जेवून ताट राखेनं घासून काहून ठिवती?"

"नवऱ्याला उलटून बोलतीस?"

"बोलते. मारा ना. हाये ना हात वर."

पुंजारामची नजर तिच्या गळ्यावर गेली अन् हात खाली आला. दर बारी असंच व्हायचं. दुर्गाबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा इवलासा टाक व्हता, त्यावर एक बाई कोरलेली. ती बाई म्हंजे गोजरबाई, पुंजारामची पहिली बायको. हसनाबादच्या नदीला पूर आल्ता तवा वाहून गेल्ती. प्रेत गावलंच न्हाई, काठावर लुगडं तेवढं गावलं. पोलीस पाटलानं पंचनामा केला, तो सरकारी भाषेत, उर्दूत लिव्हला, पुंजारामनं आंगठा दिला. खलास. मंग वरसानं दुर्गाबाई या घरात आली, अन् रिवाजापरमानं सवतीचा टाक तिच्या गळ्यात पडला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मंग आपून नेसायचं. अन् दर अमावस्येला सवतीच्या नावानं ताट वाढून गावाबाहेरच्या पडक्या गढीत न्यायचं.

"आज सांजच्याला टाक नदीत सोडतो," पुंजाराम म्हनला. "भगतानं सांगितलं, दोन वर्सं झाली, बास झालं. मंग बघतो तुझी जबान किती चालती."

दुर्गाबाईला उमगलं, टाक गेला की तो हात खाली येनार, अन् रिकामा येनार न्हाई.

आत सासू झुंबरबाई कण्हत पडल्ती. तिला काल इंचू चावल्ता, पाय मुसळावानी सुजलेला. ताट नेमी तीच न्यायची, दुसऱ्या कोनाला गढीकडं फिरकू द्यायची न्हाई. आज अमावस्या, अन् दुर्गाबाईला धाडल्याबिगर इलाज नव्हता.

"पोरी, बुरुजाखाली ठिव अन् जल्दी माघारी ये. मागं वळून बघू नको. शपथ हाये तुला माझी."

"बरं, आत्याबाई," म्हनून दुर्गाबाईनं डोळे खाली केले. खोटं बोलताना ती नेमी डोळे खाली करायची.

भर दुपार व्हती. गढीची पांढरी माती उन्हात अशी चमकत व्हती की डोळे उघडवंना. बुरुजाच्या पोटात भुयाराचं काळं तोंड. तिनं त्याच्या म्होरं ताट ठिवलं, दहा पावलं चालली अन् तरवडाच्या झुडपामागं दबकून बसली. कुत्रं येईल, लई झालं तर एखादा चोरटा येईल, असं तिनं धरलं व्हतं.

भुयारातून हात बाहीर आला.

बाईचा हात. कोपरापोत गोंदलेला. मनगट वाकडं, मोडून जुळलेल्या फांदीवानी. त्या हातानं कांदा जमिनीवर ठिवला, बुक्की मारून फोडला, भाकरी मोडली, मिरचीचं देठ खुडून ताटाच्या कडंला ठिवलं.

 दुर्गाबाईनं टाक मुठीत गच्च धरला. 

"आत्याबाई," आतून आवाज आला, "आज पिठलं खारट झालं बघा. तिला सांगा जरा."

भूत मिठावर बोललं! दुर्गाबाईचं भ्या कुठल्या कुठं गेलं अन् डोस्कंच फिरलं. ती झुडपातून उठली.

"मीठ बिलकुल बराबर व्हतं!"

भुयारातली बाई घास हातात धरून तशीच बसली. तिशीची आसंल. केसात कापसाचे तंतू अडकलेले. 

"तुमी... तुमी मेल्या न्हाई?"

"मेले ना. पंचनामा हाये," गोजरबाई म्हनली. "जालन्याला कापसाच्या कारखान्यात काम करते. अमावस्येला सुट्टी आसती, तवा आत्याबाईला भेटाया येते. राजूरपोत बैलगाडी, मंग पायी. आत्याबाई कुठं हायेत?"

"इंचू चावला त्यायला. अन् मी वरीसभर तुमाला ताट वाढून राह्यले! माझं कोरं लुगडं आधी तुमाला! अन् तुमी जित्त्या! गावाला सांगते आता."

"सांग. पण आधी हे बघ." गोजरबाईनं वाकडं मनगट म्होरं केलं. "धुन्याच्या मोगरीनं मोडलं त्यानं. दाराला आतून कडी लावून. गावाला सांगितलं, आडावर पाय घसरला. आत्याबाई दाराबाहीर बसून ऐकत व्हत्या. पोराला आडवायची ताकद न्हाई झाली त्यायला. मंग पूर आला तवा त्यायनीच माझं लुगडं काठावर टाकलं अन् मला गाडीत बसवून देलं."

दुर्गाबाईचा हात गळ्यातल्या टाकावर गेला.

"तुझ्या गळ्यात टाक कोनी घातला?"

"आत्याबाईनं."

"माझ्यासाठी न्हाई घातला, येडे. जित्त्या बाईला मारतो अन् मेलेलीला भितो तो. तुझी मनगटं बघ, हायेत ना सरळ? मी जित्ती झाले की संपलं."

"पण आक्का," दुर्गाबाईच्या तोंडून आपसुक निघालं, "तो आज टाक नदीत सोडनार हाये."

गोजरबाईनं घास खाली ठिवला. मंग दुर्गाबाईला जवळ बसवलं अन् म्हनली, "ऐक, काय सांगते."

दुर्गाबाई घरी आली तवा पुंजाराम ओट्यावर नारळ घिऊन तयार व्हता.

"आन तो टाक."

"देते. पण ती दिसली मला."

"कोन?"

"जिचा टाक हाये ती. पिठलं खारट झालं म्हनली."

पुंजाराम हसायला गेला, हसू निघालं न्हाई.

"अन् इचारलं तिनं. मोगरी अजून न्हानीमागंच आसती का? त्या रोजी तुमी आतून कडी लावल्ती तवाची?"

नारळ हातातून सुटला अन् पायरीवरून गडगडत गेला. आत झुंबरबाईचं कण्हनं बंद झालं.

"टाक नदीत सोडला तर म्हनली, मंग मी घरीच ऱ्हायला येते."

पुंजारामनं पटका उचलला. तो त्याला गुंडाळताच येईना. टाकाकडं बघत बघत तो उलट्या पावलानं ओटा उतरला.

"ऱ्हाऊ दे तो टाक गळ्यातच. मला... मला निघाया पायजे आता."