चौकशीची सवत

लंबू हमाल शिडीवर चढून पाटीचा शेवटचा स्क्रू सोडवत होता आणि खाली चौकशीच्या खिडकीतला माणूस, म्हणजे चौकशी, शिडी धरून उभा होता. आपल्याच डोक्यावरची पाटी उतरवायला आपणच शिडी धरायची, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

“हळू रे, टवका उडेल.”

“उडू दे की. तुमची कुठं राहिली आता? आता ती तिची.”

तिची म्हणजे त्या वेळा सांगणाऱ्या, तिकिटे देणाऱ्या नव्या यंत्राची. बसस्टँडच्या मधोमध, माणसाच्या उंचीचे, पोटाला चकचकीत काच. स्टँडच्या साहेबांचे म्हणणे असे की किऑस्क हिलाच म्हणतात, चौकशी बसतो त्या जुन्या खोपटावर ते नाव उगाच कशाला? म्हणून पाटी तिकडे.

आता त्या आठकोनी काचेच्या खोपटाला किऑस्क का म्हणत, त्याचीही एक गोष्ट आहे. जाणकार सांगतात, एकेकाळी इथे स्टँड नव्हता, बाग होती. कुणी एक शौकीन श्रीमंत त्या छपराखाली बसून सरबत पीत असे. तो इतका जाडजूड, की तो उठला की छप्पर सुटलो बुवा म्हणून बोटभर वर जाई. असल्या हवेशीर बैठकीचे नाव किऑस्क. श्रीमंत गेला, बँडवाले आले. ते असे वाजवत की बागेतले पक्षी जे उडाले ते अजून परतलेले नाहीत. मग काचा बसल्या. एक पेपरवाला मासिके टांगून बसला. तो गेला आणि नाण्याचा टेलिफोन आला. त्यात तासन् तास कुजबुजणाऱ्यांची लग्ने झाली, मुले झाली, मग त्यांना बोलायला काही उरले नाही आणि टेलिफोनही गेला. धंदे बदलत राहिले, छप्पर तेच आणि पाटीही तीच. शेवटी आत एक स्टूल आले, काचेला भोक पडले आणि त्या भोकामागे हा येऊन बसला. त्याचे खरे नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू येई. एरवी सगळे जग त्याला चौकशी म्हणे. सासुरवाडीलासुद्धा तो “आमचे चौकशीजावई”च होता.

त्याची एक खोड होती. गाडी चुकलेल्या माणसाचे तोंड त्याला बघवत नसे, म्हणून तो प्रत्येक गाडीची वेळ थोडी अलीकडची सांगे. रोजचे प्रवासी ही चलाखी ओळखून होते. चौकशीने वेळ सांगितली की ते मनातल्या मनात तिच्यात एक कप चहा मिळवत, आरामात पीत आणि मिशा पुसत गाडीत चढत. त्याची लबाडी आणि त्यांचा चहा यांचा हिशेब इतका चोख बसला होता, की त्या स्टँडवर गाडी चुकणे जवळपास बंदच झाले होते.

यंत्र आले आणि खरी वेळ सांगू लागले. लोकांनी सवयीप्रमाणे त्या वेळेतही चहा मिळवला. पहिल्याच आठवड्यात अर्धा गाव हातात कप धरून गाड्यांच्या मागे पळताना दिसला. एकजण तर बशीसकट पुढच्या थांब्यापर्यंत गेला म्हणतात.

“खोटारडी आहे मेली!” लोक यंत्रावर थापट मारत.

चौकशीच्या पोटात साखर पडली. तो काचेमागून अगदी साळसूदपणे म्हणे, “नवीन आहे हो. शिकेल.”

पण लोक शिकले, आणि तिच्यापुढे रांग लागली. तिला सकाळ-संध्याकाळ मऊ फडक्याने पुसायला माणूस. तिच्या पोटात म्हणे गार वाऱ्याचा पंखा. ह्याच्या डोक्यावरचा पंखा गेल्या उन्हाळ्यापासून नुसता टांगलेला. आणि आवाज काय, मधात बुडवलेला! “नमस्कार. आपल्याला कुठे जायचे आहे?” दिवसभर तेच. चौकशीला झोपेतही ते ऐकू येऊ लागले.

गंमत बघा. लग्न नवीन होते तेव्हा बायको त्या खोपटाला नावे ठेवायची. “ती काचेची खोली म्हणजे माझी सवत आहे,” म्हणायची. तेव्हा तो मिशीत हसायचा. आता तोच घरी येऊन चपला भिरकावत म्हणे, “आज सवतीनं माझी सगळी गिऱ्हाइकं नेली!” आणि ती हसायची.

मग एका सकाळी त्याला बायको दिसली. भाजीची पिशवी खांद्याला, त्या रांगेत. त्याच्या खिडकीकडे तिने पाहिलेही नाही. पाळी आली, तिने काचेवर बोट टेकवले, मान तिरकी करून ऐकले आणि चक्क हसली. असे मोकळे हसू त्याने घरी शेवटचे कधी पाहिले होते, ते त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तर ती पदर नीट करून आली.

चौकशीच्या अंगाचा तिळपापड झाला. बायको परक्या माणसाशी हसून बोलली तर त्याची कॉलर तरी धरता येते. हिची कॉलर कुठे शोधायची? खिडकीपाशी कुणी म्हातारा कधीपासून काहीतरी विचारत होता, त्याला ह्याने भलत्याच गाडीत बसवून दिले.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्या बसल्या त्याने विषय काढला.

“काय विचारत असतेस गं तिला रोज?”

“मी कुठं विचारते? तीच विचारते.”

“काय?”

“कुठं जायचंय म्हणून.” तिने त्याच्या ताटात वाढले. “तुम्ही सगळ्या गावाला वाटा दाखवल्यात. मला विचारलंत कधी?”

“मग काय सांगितलंस?”

“दीपगृह.”

चौकशीचा हात ताटातच राहिला.

नव्या संसारात तिने एकदाच हट्ट धरला होता. समुद्रावरचे दीपगृह बघायचे. ह्याला रजा मागायची लाज, आणि खरे तर खोपटात दुसरे कुणी बसलेले बघवणार नव्हते. नाही म्हणण्यापेक्षा सोपे म्हणून तो बोलून गेला होता, “तिकडं गाडीच जात नाही.” चौकशीनेच सांगितल्यावर शंका कोण घेणार? तिने शेजारणींनाही तेच सांगितले, आणि कुणी दीपगृहाचे नाव काढले की विषय बदलायला शिकली.

“नंतर सुरू झाली असेल,” तो ताटाकडे बघत म्हणाला.

“लंबूला विचारलं मी. तो लागला तेव्हापासून, आपल्या लग्नाआधीपासून, त्या गाडीवर सामान चढवतोय.” तिचा आवाज चढला नाही. तेच वाईट. “रोज सकाळी सुटते. तुमच्या पाठीमागून हो. स्टूल वळवलं असतं तर दिसली असती.”

“अगं, पण...”

“उद्या जातेय मी. तिकीट काढलंय.”

“एकच?”

“तुम्हाला सुट्टी कुठं असते?”

सकाळी चौकशी स्टुलावर बसला आणि पहिल्यांदाच त्याने ते मागे वळवले. मागच्या काचेवर धुळीचा थर होता. बाहीने पुसून त्याने डोळा लावला. गाडी उभी होती. ती खिडकीशी, आणि शेजारच्या सीटवर तिची पिशवी.

इकडे कुणीतरी भोकातून विचारत होते. उत्तर न देता तो उठला, दार लोटले आणि गाडीच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला. तिथून ती उंचावर होती. असे मान वर करून तिच्याशी बोलायची त्याला सवय नव्हती.

“मी येऊ?”

तिने बोटाने यंत्राकडे दाखवले.

“मला काय विचारता? चौकशी तिकडं आहे.”

तो गेला. रांगेत शेवटचा उभा राहिला. सगळा स्टँड बघू लागला. पलीकडे दोन कंडक्टर एकमेकांना कोपराने ढोसत होते.

“अरेच्चा, चौकशी? तुम्ही?” लंबूने डोक्यावरचे गाठोडे खाली ठेवले.

“माणसं रांगेत उभी राहतात ती कशाला? तिकिटाला!”

पाळी आली. यंत्राच्या डोक्यावर ती ओळखीची पाटी होती, एका कोपऱ्याचा टवका उडालेली.

“नमस्कार. आपल्याला कुठे जायचे आहे?”

इतक्या वर्षांत हे त्यालाही कुणी विचारले नव्हते. क्षणभर त्याला तिचा रागच येईना.

त्याने बोट टेकवले. काही झाले नाही. पुन्हा टेकवले. कोरडे, खरखरीत बोट. काचेला ते लागतच नव्हते. आयुष्यभर त्याने काचेच्या आतून बोट दाखवले होते, आता बाहेरून दाखवायची वेळ आली तर काच ओळख देईना.

“काका, आटपा ना!” मागून कुणीतरी म्हणाले.

“दीपगृह,” तो यंत्राला मोठ्याने म्हणाला. यंत्राला कान नव्हते. ऐकले ते सगळ्या स्टँडने.

मागे गाडीचे इंजिन सुरू झाले. रिकाम्या खोपटाच्या काचेवर कुणीतरी नाण्याने टकटक करत होते. चौकशीने बोटावर फुंकर घातली, ते सदऱ्याला पुसले आणि वाकून, हळूच, पुन्हा काचेवर ठेवले.

गाडीच्या खिडकीत तिने शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.