बुद्धाच्या पोटात

"आई, गाडी चुकली आपली."

"चुकली कशी? बसलोय की तिच्यात!"

शालनबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. गाडी मिळाली होती, बसायला जागाही मिळाली होती. फक्त योकोहामाला उतरायचं राहून गेलं होतं. तिथं तेजश्रीसाठी, म्हणजे लेकीच्या लेकीसाठी, जपानी बाहुली घ्यायची होती. पण मायलेक आपापल्या खिडकीबाहेर बघत बसले, आणि जपानची गाडी काही कऱ्हाटीची एसटी नव्हे, ओरडलं की थांबायला. कामाकुरा स्टेशन आलं तेव्हा कुठं मुलगा बुद्धघोष दचकून उठला.

तसा अबोला नव्हता. शालनबाई सुप्याच्या सरकारी दवाखान्यात आया होत्या. अडलेल्या बायकांना दटावण्यात आणि गोंजारण्यात आयुष्य गेलेलं. गप्प बसणं त्यांना जमतच नसे. जपानला आल्यापासून कोबीचा भाव, लेक अंजलीच्या सासूचे गुडघे, सगळं सांगून झालं होतं. सांगत नव्हत्या ते एकच. त्यांचे मालक, श्रीपतराव, गेल्या वर्षी गेले, त्या दिवशीचं. बुद्धघोषला कंपनीनं रजा दिली नाही. तो ना बापाच्या मातीला आला, ना नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला. फोनवर त्यानं विचारलं, "दादांचं शेवटी काय झालं?" शालनबाई म्हणाल्या, "आला असतास तर दिसलं असतं." त्यावर तो पुन्हा विचारायला धजला नाही. तिकीट पाठवून आईला इथं आणलं ते खरं तर तेवढं ऐकायलाच. पण त्याचं तोंड उघडत नव्हतं.

"आलोच आहोत तर इथं मोठा बुद्ध आहे," तो म्हणाला. "जगभरातून लोक बघायला येतात."

"तू बघितलास?"

"नाही अजून."

"चार वर्सं हितं ऱ्हातूस आन बुद्धाला भेटला न्हाईस? आन नाव बघा लेकाचं, बुद्धघोष!" मग त्यांचाच चेहरा पडला. "अरं पर ह्या हिरव्या साडीत कशी जाऊ मी? पांढरी घरी ऱ्हायली. आदी सांगायचंस तरी."

"आधी मला तरी कुठं ठाऊक होतं?"

पांढरी साडी नेसल्याशिवाय शालनबाई वंदनेला कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी लेकाचा राखाडी ओव्हरकोट अंगात घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. कोट पार पायाशी लोळत होता.

झाडांपलीकडे तो एकदम दिसला. दुमजली घराहून उंच, काशाचा, उघड्यावर शांत बसलेला. इतक्या वर्षांच्या ऊनपावसानं पार हिरवा पडलेला.

"आगं बया! ह्यो तर माज्यावानी हिरवाच हाय की!" असं म्हणून शालनबाईंनी कोट काढला, लेकाच्या हातात दिला आणि डोळे मिटून त्रिसरण म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा शाळेच्या पोरींचा घोळका मूर्तीच्या बाजूच्या छोट्या दारात शिरत होता.

"त्या कुटं निगाल्या?"

"आतून पोकळ आहे. पोटात जाता येतं."

पोटात जाता येतं म्हटल्यावर ही बाई बाहेर थांबणार होय!

आत अरुंद जिना आणि अंधार. उन्हानं धातूला ऊब आली होती. शालनबाईंनी भिंतीवर तळवा टेकला, दवाखान्यात बायकांच्या पोटावर टेकायच्या तसा. बुद्धघोष मागं उभा होता. आईचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच त्याला जमलं असावं. बोलायला लागला तोही गावच्या बोलीत.

"आये, माजं चुकलं गं. नोकरी गेली असती तरी याया पायजे हुतं मी."

म्हणाला होता हळूच. पण त्या पोकळीत ते चारी बाजूंनी घुमलं. पोरी वळून बघायला लागल्या. पाहुणा प्रार्थना करतोय असं वाटून एकीनं तर अदबीनं मान लववली.

शालनबाईंना हसू फुटलं आणि त्याच्याबरोबरच रडूही. "अरं हळू! बुद्धाच्या पोटात हाईस." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "त्यानंच तुजं पोटात घातलं म्हणल्यावर मी कोण लागून गेले? चल भाईर. सांगते."

बाहेर मूर्तीसमोरच्या पायरीवर दोघं बसली.

"सकाळी उटल्या उटल्या म्हणले, शालन, दोन कप च्या ठेव, बुद्धघोष येतोय. मी म्हणलं, आवो त्यो जपानात हाय. तर म्हणले, तू ठेव गं. ठेवला."

"मग?"

"बसले तुज्या कपाकडं बघत. मग म्हणले, पोराला उशीर झालेला दिसतोय, गार हुईल. तुज्या वाटणीचा बी त्यांनीच पिला. दुपारी झोपले ते उटलेच न्हाईत. ह्ये फोनवर कसं सांगायचं रं? तू एकटा हुतास तितं."

बुद्धघोषनं गुडघ्यांत डोकं घातलं. त्याचे खांदे हलत होते. शालनबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. फोटो काढणारे लोक समोर जमले होते. त्यांना मागचा बुद्ध हवा होता आणि ही दोघं मध्ये येत होती. शालनबाईंनी दुसरा हात वर करून त्यांना जरा थांबायला सांगितलं.