सातवं प्रकरण

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. धडा वाचताना पोरानं एक ओळ गाळली तरी त्याला अंगठे धरायला लावायची. तीच मी, खतिजाबाई, गेले तीन दिवस धोंडुबाईपुढं बसून अख्खी पानं गाळत होते. वर तोंडानं रचून भर घालत होते, ते वेगळंच.

धोंडुबाई म्हणजे आमच्या शाहूपुरीतली दूधवाली आक्का. चाळीस वर्षं कोपऱ्यावरच्या कट्ट्याला म्हशी उभ्या करून तिनं गिऱ्हाइकाच्या ग्लासात धार काढली. मिशीला फेस लागेस्तोवर दूध प्यायचं आणि वर आक्काच्या शिव्या खायच्या. आता म्हशीही गेल्या आणि तिचे डोळेही गेले. अक्षरओळख तर कधी नव्हतीच.

झालं असं, की आमच्या भागातले जुने पोस्टमन आकाराम यांनी कादंबरी लिहिली. तिच्यात तुळसा नावाची एक दूधवाली आहे. नाव तेवढं बदललंय. बाकी तो कंबरेला खोचलेला पदर, ती तंबाखूची चंची, ते "प्या की गुमान" म्हणणं, सगळी आमची आक्का! गल्लीत जो तो वाचायला लागला. कुणी तिला तुळसाबाई म्हणून हाक मारी, कुणी तिला बघून बोलता बोलता गप्प होई. आक्काचा जीव खालीवर.

"बाई, तुमीच वाचा," ती मला म्हणाली. "त्या टपालवाल्यानं काय लिवलंय माज्यावर, मला कळू दे. ऐतवारी शालू यायची हाय सासरास्नं, कागलास्नं. तेच्या आत कळाय पायजे."

मी रोज दुपारी जायला लागले. ऐकताना बाई एका जागी बसेल तर शपथ! उठायची, दाराची कडी लावायची, परत काढायची, "फुडं?" म्हणायची. तिच्यापायी मलाही धड बसवेना. सहा प्रकरणं झाली.

घरी आधी वाचून ठेवायची माझी मास्तरकीची खोड. सातवं प्रकरण एकदा वाचलं, मग चष्मा पुसून परत पहिल्यापासून वाचलं.

तुळसाची लेक दहावी पास होते, नर्सिंगच्या कोर्सला अर्ज करते. नंबर लागल्याचं पत्र येतं. कादंबरीतला पोस्टमन ते तुळसाला वाचून दाखवतो; पत्र द्यायचं आणि वाचूनही दाखवायचं, ही आकारामची रीतच होती. पत्र ऐकून तुळसा ते त्याच्या हातातून घेते आणि त्याच्यादेखत चुलीत घालते. चार म्हशी आणि हाताशी एकटी लेक. लेकीला सांगते, पत्र आलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावून देते.

या अल्ला! तो अर्ज मी भरला होता. आक्काची शालू माझीच विद्यार्थिनी. महिनाभर रोज स्टाफरूमच्या दाराशी येऊन विचारायची, "बाई, उशिरा येत असंल का हो?" आणि मी तिला म्हणायची, तुझं नशीब, पोरी.

संताप संताप झाला माझा. पण आक्काला हे वाचून दाखवायचं, म्हणजे चाळीस वर्षांचा शेजार तिथंच तोडायचा. माझं दुसरं आहे तरी कोण? म्हणून मी सातवं प्रकरण गाळलं. त्या जागी एक भली तुळसा रचली, लेकीला डोक्यावरून हात फिरवणारी. दोन दिवस ती खपली. तिसऱ्या दिवशी मी वाचल्यासारखं करत म्हणाले, "तुळसानं रेडकू लांब खुंट्याला बांधलं, म्हशीला थोपटलं आणि बसल्या बसल्या बादली भरून धार काढली."

"थांबा," आक्का म्हणाली. "रेडकू आधी आचळाला न लावता? म्हशीनं पान्हा सोडल्याबिगर धार काढली व्हय तिनं?"

मला काय डोंबल माहीत, पान्हा कसा सोडतात ते!

"आकाराम रोज माज्या कट्ट्यावर दूध पीत हुता, बाई. त्यो असलं लिवायचा न्हाय. हे तुमचं हाय. आन ही तुळसा दोन दिस झालं कुनाला शिवी देत न्हाय, ती काय आजारी हाय? तुमची तुळसा लई ग्वाड हाय. पर उद्या सकाळी मला आठवायची न्हाय ती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "चिट्टीचं हाय न्हवं त्यात?"

"आहे."

"पयल्या दिवसापास्नं तेच ऐकाय बसलीया मी. वाचा."

मी वाचलं. एक शब्द गाळला नाही, उलट जरा मोठ्यानंच वाचलं. चूल झाली, खोटं झालं. पुढं आकारामनं लिहिलं होतं की तुळसा तशीच कट्ट्यावर गेली, म्हशीखाली बसली आणि बसूनच राहिली. गिऱ्हाइकांना म्हणाली, म्हैस आटली, जावा घरी.

"आटली न्हवती," आक्का म्हणाली. "बोटंच वळंनात."

"अर्ज मी भरलेला, आक्का!" मी ओरडले. "रोज माझ्या दाराशी यायची ती पोर!"

"व्हय. द्या मला शिव्या."

पुस्तक तिथंच टाकून मी घरी आले.

रविवारी तिनं शेजारच्या मोनाला पाठवून मला बोलावून घेतलं. शालू नुकतीच आली होती, पिशवी अजून हातातच होती. आता चार नातवंडांची आजी ती, कानशिलं पिकलेली. आक्का तिला पाणीसुद्धा पिऊ देईना.

"बाई, सातवं वाचा. हिच्या म्होरं."

मी चष्मा लावला, पान काढलं, पहिलं वाक्य वाचलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," शालू म्हणाली. "वाचलंय मी. तीनदा."

आक्कानं कमरेची चंची उघडली, परत बांधली.

"लई राग आला तुळसाचा," शालू म्हणाली. "पुस्तक भिरकावून दिलं. परत उचललं. ती म्हशीखाली नुसती बसून ऱ्हाती, तितं आले की रडू येतं मला. तिला मी कवाच माफ केलं."

"आन मला?"

"तू कुटं काय सांगितलंस मला, आई? मला पुस्तकानं सांगितलं."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चालू होईना, तो नुसत्या किका मारत होता. माझ्या मनात आलं, उठून जावं. उठवेना.

"मिटा ते, बाई," आक्का म्हणाली.

मी पुस्तक मिटलं. भिंतीला हात लावत ती उठली, आवाजाच्या रोखानं शालूपर्यंत गेली, तिचा खांदा चाचपून धरला.

"शाले," ती म्हणाली, "तुजं पत्र आलतं."